तंजावरचा रथ आणि त्याची वाट

तमिळनाडूतील देवळांच्या गावी प्रथमच जाणाऱ्या मराठी प्रवाशाला एक पाटी हटकून बुचकळ्यात टाकते. देवळाभोवतालच्या रुंद रस्त्याच्या तोंडाशी ‘कार स्ट्रीट’ अशी अक्षरे असतात. येथे मोटारी उभ्या करीत असावेत अशी समजूत करून घेऊन तो पुढे जातो. परंतु ही ‘कार’ मोटार नव्हे. देवाच्या रथाला इंग्रजीत ‘टेंपल कार’ म्हणत आले आहेत, आणि ज्या रस्त्यांवरून तो रथ फिरतो त्यांना कार स्ट्रीट हे नाव चिकटले आहे. तमिळ भाषेत रथाला ‘तेर्’ म्हणतात आणि त्याच्या उभे राहण्याच्या जागेला ‘निलै’. रथ गावाला प्रदक्षिणा घालून सुखरूप आपल्या जागी परतला, की ‘तेर् निलैला पोचला’ असे म्हणून लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात. अंगावर घेतलेले कोणतेही अवघड कार्य तडीस गेले म्हणजेही हाच वाक्प्रचार योजतात.

वाचकहो, प्रस्तुत लेखात अशाच एका वाहनाची हकीकत सांगावयाची आहे. त्याला इंजिन नाही, सुकाणू नाही, आणि जुन्या घडणीच्या रथांना तर ब्रेकही नाही. ते दुसऱ्यांनी ओढावे लागते. ओढताना रस्त्याच्या खाचखळग्यांपासून त्याला जपावे लागते, आणि त्याच्यापासून माणसांना जपावे लागते. हे जपणे कसे चालते आणि ते ढिले पडले म्हणजे काय घडते, या दोन्ही गोष्टी तंजावर आणि त्याच्या आसमंतात जितक्या स्पष्टपणे दिसतात, तितक्या अन्यत्र क्वचितच दिसतील.

चार राजवीथी

तंजावर हे नाव आपल्याला परके नाही. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी येथे मराठ्यांची गादी स्थापन केली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुषवारस न ठेवता निवर्तले तोपर्यंत, शेवटची पन्नासएक वर्षे केवळ नावापुरती का होईना, ती गादी टिकून होती. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांचे रुमाल आजही अभ्यासकांना बोलावीत आहेत, आणि गावातील जुन्या मराठी कुटुंबांत, तमिळच्या सहवासाने निराळी लय आलेली, तंजावरी मराठी अद्याप कानी पडते.

गावातील सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे पहिल्या राजराज चोळाने इसवी सन १०१० मध्ये पुरे केलेले बृहदीश्वराचे देऊळ. येथील लोक त्याला ‘पेरिय कोविल’ म्हणजे मोठे देऊळ म्हणतात. दोनशे फुटांहून उंच असे त्याचे विमान पाहून मान अवघडली, तर थोडा वेळ खाली भिंतीकडे पाहावे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास येथे दगडावर कोरवून घेतला आहे. हा प्रदीर्घ शिलालेख मराठीत आहे. चोळांच्या देवळात आपली भाषा दगडावर उमटलेली पाहून मराठी माणसाची पावले तेथे थबकल्याखेरीज राहात नाहीत.

देऊळ पाहून झाले, की बहुतेक प्रवासी राजवाडा व ग्रंथालयाची वाट धरतात. त्यांनी आणखी तासभर काढून गावातील चार मुख्य रस्ते पायी फिरावे अशी आमची शिफारस आहे. पूर्व, दक्षिण, पश्चिम व उत्तर अशा चार दिशांच्या नावांनी ओळखले जाणारे हे रस्ते म्हणजेच जुन्या तंजावरच्या राजवीथी. अन्य गावी रथाचे रस्ते देवळालाच चारी बाजूंनी वेढून असतात. तंजावरात मात्र मोठे देऊळ नैर्ऋत्येकडील लहान किल्ल्याच्या आवारात आहे आणि राजवीथी मोठ्या किल्ल्याच्या वस्तीत आहेत. त्यामुळे उत्सवमूर्ती प्रथम मिरवीत पश्चिम वीथीत आणाव्या लागतात, आणि मग रथाची फेरी सुरू होते.

ही फेरी दीर्घ काळ बंद पडली होती. रथ नादुरुस्त झाला, नवा बांधला गेला नाही, आणि बघता बघता सुमारे शंभर वर्षे उलटली. एवढे मोठे देऊळ आणि त्याला रथ नाही, ही रुखरुख गावाला होती. अखेर नवा लाकडी रथ घडविण्यात आला. सुमारे ४० टन वजनाचा हा रथ २० एप्रिल २०१५ रोजी पश्चिम वीथीतील रामाच्या देवळासमोरून चाचणीसाठी प्रथम हलविण्यात आला, आणि त्यानंतर ९ दिवसांनी, चित्तिरै महिन्यातील उत्सवात, त्याची पहिली फेरी निघाली. उत्सवाच्या आधी रिकाम्या रथाची चाचणी घेतली गेली ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. रथ नवा होता, चाके नवी होती. तरीही ती या रस्त्यावर कशी चालतात हे आधी पाहणे अगत्याचे होते.

ओझे आणि रस्ता

रथाची रचना थोडक्यात अशी असते. खालचा भाग जाड लाकडी तुळयांचा असून त्यावर देवादिकांच्या, यक्षकिन्नरांच्या आणि पुराणकथांच्या मूर्ती कोरलेल्या असतात. मोहाचे लाकूड या कामी विशेष पसंत केले जाते. तमिळमध्ये त्याला ‘इलुप्पै’ म्हणतात. ते चिवट असते आणि ऊनपावसाला दाद देत नाही. हा कोरीव भाग कायमचा. त्याच्यावरचा उंच डोलारा मात्र दर वर्षी बांबू, दोर आणि रंगीत कापड यांनी नव्याने उभारतात आणि उत्सव संपताच उतरवून ठेवतात. दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो तो हा डोलारा. रथाचे खरे वजन मात्र खाली असते.

त्या वजनाचा रस्त्याशी संबंध कसा येतो, ते थोड्या हिशेबाने कळेल. ४० टनांचा भार चार चाकांवर सारखा वाटला गेला असे धरले तरी एकेका चाकावर १० टन येतात. आपल्या देशात मालमोटारीच्या चार टायरांच्या एका आसावर २०१८ पासून ११.५ टनांपर्यंत भार घालण्याची मुभा आहे. म्हणजे मालमोटारीचा अख्खा आस चार टायरांवर मिळून जेवढा भार वाहतो, जवळजवळ तेवढाच भार रथाच्या एकट्या चाकावर असतो. शिवाय टायर रबरी असल्याने दबतो, पसरतो आणि भार वाटून देतो. रथाच्या चाकाची लोखंडी धाव दबत नाही. ती रस्त्याला बोटभर रुंदीच्या पट्टीत टेकते आणि सारा भार तेथेच देते. गटारावरची फरशी, नळासाठी खणून घाईघाईने बुजविलेला चर, भुयारी गटाराचे झाकण यांवरून मोटारी वर्षभर सुखाने जातात. रथाचे चाक तेथे एका क्षणात खचते. चाक खचले की रथ कलतो, आणि खाली जो कल वीतभर असतो तो वर डोलाऱ्याच्या टोकाशी कित्येक हातांचा होतो.

रथ वर्षातून बव्हंशी एकदाच चालतो आणि उरलेले सारे दिवस एका जागी उभा असतो. चैत्रवैशाखातील उन्हाने लाकूड तडकते आणि ईशान्य मोसमी पावसाने ते फुगते. वाळवीची आणि आगीची धास्ती निराळीच. म्हणून रथांवर आता पत्र्याचे किंवा पारदर्शक तावदानांचे आच्छादन घालतात. उत्सव जवळ आला की सुतार व लोहार आस, तुंबे आणि सांधे तपासतात, आणि रथाच्या मजबुतीचा दाखला सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांकडून घेण्याची पद्धत आहे.

ओढणारे आणि जपणारे

दुसऱ्याच्या मागून ओढल्या जाणाऱ्या वाहनाची ही अडचण केवळ आपल्या देवळांपुरती नाही. अमेरिकेत पुष्कळशी कुटुंबे सुटीत मोटारघर घेऊन प्रवासास निघतात. मोटारघर म्हणजे आत बिछाने, स्वयंपाकाची चूल आणि न्हाणीघर असलेली एक मोठी बसच. मुक्कामी पोचल्यावर बाजारहाट करण्यासाठी हे धूड बाहेर काढणे परवडत नाही. म्हणून घरची लहान मोटार लोखंडी दांड्याने मागे जोडून तिच्याच चाकांवर ओढीत नेतात. या लहान मोटारीत चालक नसतो. मोटारघराची मागची चाके खडी उडवितात आणि ती नेमकी मागच्या मोटारीच्या नाकाडावर बसते. काचेला तडे जातात, दिवे फुटतात, रंगाला खवले पडतात. म्हणून कोणी मोटारघराच्या मागे रबराचा रुंद पडदा सोडतात, कोणी लहान मोटारीच्या तोंडाला जाड कापडाचे आवरण बांधतात, तर कोणी दोहोंच्या मध्ये दांड्यावर टणक फळी बसवितात. तेवढ्यानेही भागत नाही. गिअर आपोआप बदलणाऱ्या कित्येक मोटारींत इंजिन बंद असता वंगण फिरत नाही. चाके तेवढी फिरत राहिली तर आतील दंतचक्रे कोरडी घासून जळतात. त्यामुळे कोणती मोटार अशी ओढता येते आणि कोणती येत नाही, हे आधी पुस्तिकेत पाहावे लागते. मागच्या मोटारीला स्वतंत्र ब्रेकची योजना करावी, असाही तेथील अनेक राज्यांत ठराविक वजनापुढे नियम आहे.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. जे वाहन ओढले जाते त्याला रस्ता निवडता येत नाही. वाट पुढचा ठरवितो आणि धक्के मागच्याला बसतात. तेव्हा मागच्याची काळजी वाहणे हे ओढणाऱ्याचेच कर्तव्य ठरते, आणि ती काळजी निघण्यापूर्वी वाहावी लागते.

देवाच्या रथाच्या बाबतीत पुढचा म्हणजे सारा गाव असतो. दोर धरलेल्या शेकडो माणसांना मागची चाके दिसत नाहीत, आणि मागे चाकाशी असलेल्यांना पुढचा रस्ता दिसत नाही. या दोहोंच्या मध्ये रथावर उभा राहून इशारा देणारा एक माणूस असतो. त्याचा इशारा आणि वाद्यांचा ठेका यांवर सर्वांची भिस्त. परंतु रथाचे खरे सारथी म्हणजे चाकांशी वाकून चालणारी मोजकी माणसे होत. त्यांच्या हाती दांडा बसविलेले लाकडी ठोकळे असतात. तमिळमध्ये त्यांना ‘मुट्टुक्कट्टै’ म्हणतात. आपल्या खानदेशात याच वस्तूला ‘मोगरी’ हा नेटका शब्द आहे. जळगावी संत अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला श्रीराम रथोत्सव कार्तिकी एकादशीला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मोगरी लावणाऱ्यांचे कसब सांगावयास नको. फिरत्या चाकाखाली ऐन क्षणी मोगरी सरकवावयाची, रथ थांबवावयाचा, आणि ती काढून पुन्हा सोडावयाचा. थांबविण्यासाठी ती सरळ लावतात आणि वळविण्यासाठी तिरकी. एक चाक अडले की दुसरे पुढे येते आणि रथ हळूहळू तोंड फिरवितो. वीथीच्या कोपऱ्यांवर मोठे रथ वळविताना चाकांखाली ग्रीस लावलेले लोखंडी पत्रे टाकतात. चाक पत्र्यावर घसरत वळते, त्यामुळे रस्ता उखडत नाही आणि आसालाही पीळ बसत नाही.

सांगली जिल्ह्यातील तासगावला परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपतीच्या देवळाला दाक्षिणात्य धाटणीचे गोपुर आहे, आणि तेथे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उंच रथ माणसांनी ओढला जातो. रथ म्हणजे काही कावेरीकाठचेच वैभव नव्हे. म्हणून तंजावरच्या अनुभवाकडे आपण परक्याचे कौतुक म्हणून पाहू नये.

तिरुवारूरचा महारथ

तंजावरहून पूर्वेस सुमारे ५५ किलोमीटरांवर तिरुवारूर आहे. पूर्वी ते तंजावर जिल्ह्यातच मोडत असे. आता ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. तंजावरच्या मराठी राजांची येथील त्यागराजस्वामींवर विशेष श्रद्धा होती. व्यंकोजीपुत्र शहाजीराजांनी या देवाच्या पालखीवर तेलुगूत ‘पल्लकीसेवा प्रबंधमु’ हे गेय नाटक रचले आहे. परंतु सामान्य जनांना तिरुवारूर ठाऊक आहे ते तेथील ‘आळि तेर्’ या महारथामुळे. सजविल्यावर त्याची उंची ९६ फूट भरते आणि वजन ३०० टनांच्या घरात जाते.

या रथाचा इतिहास चढउतारांचा आहे. १९२६ मध्ये जुना रथ आगीत जळाला. १९३० मध्ये नवा तयार झाला. १९४८ नंतर त्याची फेरी बंद पडली, आणि १९७० मध्ये त्या वेळचे मुख्यमंत्री मु. करुणानिधी यांच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली. तिरुचिरापल्लीच्या ‘भेल’ कारखान्याने या रथाला पोलादी चाके आणि द्रवदाबावर चालणारे ब्रेक करून दिले. विजेची केंद्रे उभारणाऱ्या देशासाठी प्रचंड बाष्पित्रे घडविणाऱ्या या कारखान्याने देवाच्या रथाची चाके ओतावी, ही जुन्यानव्याची जोड तेथील लोकांना मुळीच विसंगत वाटत नाही. आज पुढून हजारो हात दोर ओढतात, मागून बुलडोझर चाकांना रेटा देतात, आणि बाजूला मोगरीवाले पूर्वीप्रमाणेच वाकून चालत असतात. लोखंड आले, यंत्र आले, तरी चाकाशी लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांची गरज संपलेली नाही.

याच गावाशी एका चोळ राजाची कथा निगडित आहे. ती ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात आली आहे आणि तमिळ मुलांना बाळपणीच सांगितली जाते. राजपुत्राच्या रथाखाली एक वासरू सापडून मेले. गाईने राजवाड्यापुढील न्यायाची घंटा वाजविली. चौकशी होताच राजाने आपल्याच मुलाला रथाच्या चाकाखाली घालण्याचा निर्णय केला. पुढे शिवाच्या कृपेने वासरू व राजपुत्र दोघेही उठले, असा कथेचा शेवट आहे. मनुनीति चोळन् या नावाने तो राजा ओळखला जातो. कथेतला दंड आजच्या मनाला घोर वाटेल. परंतु तिच्यातील प्रश्न जुना झालेला नाही. वाहन रस्त्यावर आणले की त्याखाली जे घडेल त्याचा जाब कोणी द्यावयाचा?

कळिमेडूची पहाट

तंजावर शहराला लागूनच कळिमेडू नावाचे गाव आहे. तेथे सातव्या शतकातील शैव संत अप्पर यांचा उत्सव दर वर्षी चित्तिरै महिन्यात होतो. २७ एप्रिल २०२२ रोजी पहाटे तीनच्या सुमारास अप्परांचा रथ गावातून चालला होता. हा रथ लहान होता, परंतु वर रोषणाईचा उंच डोलारा होता. एका वळणावर तो मागेपुढे करून वळवीत असता वरचा भाग उच्च दाबाच्या विजेच्या तारेला लागला. क्षणार्धात वीज रथात उतरली आणि रथाने पेट घेतला. ११ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुलेही होती. अनेक जण होरपळले. रस्त्यावर पाणी साचलेले असल्यामुळे काही लोक रथापासून बाजूला झाले होते म्हणून ते बचावले, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले.

तार काही त्या रात्री नव्याने आलेली नव्हती. रथही गावाच्या ओळखीचा होता. मग अपघात झाला कसा? गावातील रस्ता नव्याने केल्यामुळे त्याची पातळी वर आली होती, असे कारण त्या वेळी पुढे आले. शासनाने महसूल खात्याच्या वरिष्ठ सचिवांची एकसदस्य चौकशी समितीही नेमली. रस्त्याची उंची वाढल्याची ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. डांबरी रस्ता उखडला की त्यावर नवा थर टाकतात. काही वर्षांनी आणखी एक. दर खेपेस रस्ता इंच-दोन इंच चढतो. कोणाच्या डोळ्यांना तो चढलेला दिसत नाही. दिसते ते एवढेच, की घराची पायरी लहान झाली आणि पावसाचे पाणी अंगणात येऊ लागले. तार मात्र जेथल्या तेथेच असते. तार आणि रस्ता यांमधील अंतर असे कणाकणाने कमी होत जाते, आणि ते किती उरले हे उंच वाहन नेईपर्यंत कोणी मोजीत नाही.

या गोष्टीवरचा उपाय अज्ञात नव्हता. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा थर टाकू नये आणि रस्त्याची पातळी वाढू देऊ नये, अशी सूचना तमिळनाडूच्या मुख्य सचिवांनी मे २०२१ मध्ये, म्हणजे या दुर्घटनेच्या सुमारे वर्षभर आधी, संबंधित खात्यांना दिली होती. घरांत पाणी शिरू नये हा तिचा मुख्य हेतू. परंतु हेतू कोणताही असो, रस्ता चढू दिला नाही तर लाभ घराला होतो तसाच रथालाही होतो.

संत अप्परांच्या मूर्तीच्या हाती सदैव एक खुरपणीचे अवजार असते. देवळांच्या आवारातील व वाटेवरील गवत आणि काटेकुटे काढून वाट स्वच्छ करणे, हीच सेवा त्यांनी आयुष्यभर पत्करली होती. त्यांच्याच उत्सवात रस्त्यामुळे माणसे दगावावी, याची खंत कळिमेडूकरांना किती वाटत असेल याची कल्पना आपण करू शकतो.

वाट आधी पाहावी

या हकीकतीतून बोध घ्यावयाचा तो रथ बंद करण्याचा नव्हे. तंजावरचा रथ शंभर वर्षांनी हलला तेव्हा गाव ज्या आनंदाने एकत्र आले, तो आनंद समाजाच्या जीवनात अमोल आहे. परंतु ओढण्याच्या उत्साहाबरोबरच जपण्याची शिस्तही पाहिजे. ज्या गावी ही शिस्त पाळतात तेथे काय करतात, ते सांगण्यासारखे आहे. उत्सवापूर्वी जाणती माणसे रथाची संपूर्ण वाट पायी चालून पाहतात. कोठे खणले आहे, कोणत्या गटारावरील फरशी तडकली आहे, कोणत्या झाडाची फांदी पुढे आली आहे, याची नोंद करतात. कच्च्या जागी लोखंडी पत्रे अंथरतात. डोलाऱ्याची उंची दर वर्षी नव्याने मोजतात, कारण डोलारा तोच असला तरी रस्ता तोच राहिलेला नसतो. रथ वीथीत असेपर्यंत विजेचा प्रवाह बंद ठेवतात, आणि आडव्या येणाऱ्या तारा सोडवून बाजूस घेतात. काही देवळांच्या रथवीथींत तारा जमिनीखालून नेण्याची कामेही झाली आहेत. ती खर्चाची असली तरी कायमची सोय होय. रथावर चढणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवतात आणि चाकाशी नवशिक्याला उभे करीत नाहीत.

आपल्यापैकी कोणी एप्रिल-मे महिन्यांत तंजावरला गेलात आणि चित्तिरैचा रथ पाहण्याचा योग आला, तर तो अवश्य पाहावा. ऊन कडक असते. सकाळी लवकर निघावे आणि पाणी जवळ ठेवावे. वीथीच्या कोपऱ्यापासून थोडे दूर उभे राहावे, कारण रथ वळताना दोर अकस्मात एका बाजूला ताणला जातो. दोराला हात लावण्याची इच्छा झाल्यास लावावा, तेथील लोक आनंदाने जागा करून देतात. मात्र दोर मनगटाभोवती गुंडाळू नये आणि पाय अडखळल्यास दोर सोडून बाजूला व्हावे. लहान मुलांना चाकांच्या व दोरांच्या जवळ नेऊ नये. फेरी संपून गर्दी ओसरल्यावर रथाच्या खालच्या भागातील कोरीवकाम सावकाश पाहता येते.

आणि आपल्या गावी परतल्यावर, गणेशोत्सवाची उंच मूर्ती असो, ग्रामदेवतेचा रथ असो की लग्नाच्या वरातीची सजविलेली मालमोटार असो, तिची वाट आदल्या दिवशी एकदा चालून पाहावी. सोबत एक लांब बांबू न्यावा, मात्र तो तारेजवळ कदापि नेऊ नये. बांबूवर मूर्तीच्या उंचीची खूण करून ठेवावी, लांब उभे राहून तारेचा अदमास घ्यावा, आणि शंका येताच वीज मंडळाच्या माणसांना बोलावून त्यांच्याकडून अंतर मोजवून घ्यावे. गेल्या वर्षी येथून सुखरूप गेलो होतो, एवढ्यावर विसंबू नये. वर्षभरात रस्ता बदललेला असतो. एका संध्याकाळचे हे काम आहे. ते केले म्हणजे दुसऱ्या दिवशी दोर धरणाऱ्यांनी निश्चिंत मनाने दोर धरावा, आणि रथ निलैला पोचावा.